गाडीचा एसी फक्त विटाव्यापर्यंत चालतो. दुरुस्त करू, विकू की सहन करू?

घोडबंदरची_धूळ

मंडळी, मदत हवी आहे आणि थोडं रडायचंही आहे.

गाडी अकरा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, ९४ हजार किलोमीटर झालेत. राहतो मानपाड्याला, ऑफिस महाप्याला. सकाळी साडेसातला निघतो तेव्हा एसी इतका गार की पंखा एकवर आणावा लागतो. कळवा पुलापर्यंत काही तक्रार नाही. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली रांगेत दहा मिनिटं उभं राहिलं की हवा आधी कोमट येते, मग सरळ गरम. तोंडासमोर कोणी केस वाळवायचं मशीन धरल्यासारखं. पुढे ऐरोली, रबाळे, घणसोली असा सगळा रस्ता घामाच्या धारा. ऑफिसात पोचतो तेव्हा शर्ट पिळून वाळत घालण्याच्या लायकीचा झालेला असतो.

इतिहास असा. गेल्या मे महिन्यात घराजवळच्या गॅरेजवाल्याने पाइपाला हात लावून सांगितलं, गॅस संपलाय. १८०० घेऊन भरला. घरी येईपर्यंत मस्त चालला, दुसऱ्या दिवशी सकाळीही. संध्याकाळी परत तेच. मग दिवाळी आली, थंडी आली, मीही विसरलो. आता मार्चमध्ये दुसऱ्याकडून २२०० देऊन पुन्हा गॅस. पुन्हा तोच खेळ. आता तिसरा म्हणतो की कूलिंग कॉइल लीक आहे, डॅशबोर्ड पूर्ण खाली उतरवावा लागेल, १८ हजार. मोठ्या सर्व्हिस सेंटरला विचारलं तर त्यांनी कॉइल आणि कॉम्प्रेसर दोन्ही धरून ४१ हजारांचा कागद हातात दिला. गाडीच विकली तर दोन लाख येतील की नाही शंका आहे.

आईला आठवड्यातून दोनदा नौपाड्यात फिजिओथेरपीला न्यावं लागतं, त्यामुळे गाडी लागतेच. बायको म्हणते, जूनपर्यंत कसंतरी ढकल, पाऊस आला की एसी कशाला लागतो. तुम्ही काय कराल?

चहाबाज

विटाव्याच्या पुलाखाली माणसांचंही डोकं गरम होतं, एसीने काय पाप केलंय. :)

लोकलवाला

सरळ सांगू? ठाण्याहून ट्रान्सहार्बर पकडा, घणसोलीला उतरा, तिथून रिक्षा. पेट्रोल वाचलं, एसी वाचला, विटावा वाचला.

घोडबंदरची_धूळ

@लोकलवाला, मानपाड्याहून ठाणे स्टेशनला पोचायलाच जो वेळ लागतो त्यात तुम्ही घणसोलीला चहा पिऊन झाला असाल. मेट्रोचं काम, खड्डे, सर्व्हिस रोड, सगळं आहे. आणि आईचं काय?

निवृत्त_पद्मिनी

आमच्या वेळी पद्मिनीला पुढच्या दारात त्रिकोणी काच असायची. ती उलटी फिरवली की वारा थेट छातीवर. १९८६ च्या मे महिन्यात त्या गाडीतून आम्ही पाच जण आणि एक आंब्याची पेटी असे रत्नागिरीहून ठाण्याला आलो. कोणाला एसी आठवला नाही. आताच्या मुलांना घराच्या दारातून लिफ्टपर्यंत जायचं तरी गारवा लागतो. काच खाली करा, वारा घ्या.

टेकडीवरची

काका, आदर आहे, पण १९८६ ला घोडबंदर रोडवर किती गाड्या होत्या? काच खाली करून वारा घ्यायला आधी वारा पाहिजे. हल्ली काच खाली केली की बाजूच्या डंपरचा धूर, मेट्रोच्या खांबांची माती आणि तुर्भे-पावण्याच्या बाजूला गेलात तर एमआयडीसीचा तो गोडसर-कडवट वास, हे सगळं एकदम आत येतं. मी खारघरहून रबाळ्याला जाते. मागच्या वर्षी तीन आठवडे बिनाएसी काढले. पहिल्या आठवड्यात खोकला, दुसऱ्यात चिडचिड, तिसऱ्यात मी सिग्नलवर एका अनोळखी माणसाशी भांडले, ज्याची काहीच चूक नव्हती.

आणि @धूळ, वहिनींना सांगा, पावसात एसी उन्हाळ्यापेक्षा जास्त लागतो. काचा बंद, आत चार माणसांचा श्वास, बाहेर धो धो. समोरची काच दोन मिनिटांत धुरकट होते. मागच्या जुलैत उरण फाट्याजवळ मी फडक्याने काच पुसत पुसत गाडी चालवली आहे. पुढचा ट्रक दिसला तो त्याच्या लाल दिव्यांमुळे. त्या दिवशी घरी येऊन आधी एसीवाल्याला फोन केला, मग चहा ठेवला.

बर्फाचा_गोळा

टेकडीताईंचा मुद्दा बरोबर. एसीची कॉइल हवा गार करते तेव्हा त्यातलं बाष्प कॉइलवर जमून गाडीखाली टपकतं. म्हणजे काचेवर येते ती कोरडी हवा. पावसात काच साफ राहते ती त्यामुळे. त्यासाठी हवा गार ठेवायचीच असं नाही. एसी चालू ठेवून तापमानाचा खटका गरमकडे फिरवला तरी काच साफ होते.

शंकासुर

ठाण्यात पारा किती, ३५-३६? आमच्या चंद्रपुरात ४५ ला लोक स्कूटरवर फिरतात. तुम्ही लोक उगाच नाजूक.

सुगरण_नेरूळ

या नेरूळला एक दुपार. चंद्रपूरचा घाम वाळतो, आमचा वाळत नाही. पाठीवरून ओघळत सीटवर जातो आणि तिथेच मुक्काम करतो.

बर्फाचा_गोळा

@शंकासुर, हवामान खात्याचंही उष्णतेच्या लाटेचं गणित म्हणून वेगळं आहे. मैदानी भागात पारा ४० च्या वर गेल्यावर ते विचार सुरू करतात, किनारपट्टीला ३७ लाच. दमट हवेत घाम उडत नाही आणि घाम उडाला नाही तर अंग गार होत नाही. याच कारणासाठी विदर्भातला वाळ्याचा कूलर इथे लावला तर खोलीचा धोबीघाट होतो.

चहाबाज

मी एक जुगाड बघितला आहे. थर्माकोलच्या डब्यात बर्फ, वर यूएसबीचा पंखा, मागच्या सीटवर. करून बघू का? मासळी बाजारातून डबाही आणता येईल, येता येता पापलेट.

बर्फाचा_गोळा

आता तुम्ही माझ्या आवडत्या विषयात शिरलात, भोगा.

एसीचा ‘टन’ हा शब्द मुळात बर्फातूनच आला. एक अमेरिकी टन, म्हणजे साधारण ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढं काम करणारं यंत्र एक टनाचं. तासाला जवळजवळ ३८ किलो बर्फ झाला. गाडीचा एसी सहज एक टनाच्या घरातला असतो, कारण लोखंडाचं आणि काचेचं ते खोकं उन्हात तापत असतं. तुमच्या डब्यात पाच किलो बर्फ मावला असं धरलं तर तो एसीच्या आठ मिनिटांच्या कामाइतका. मानपाड्याहून निघालात तर माजिवड्यालाही पोचणार नाही.  पापलेटाचा वास वेगळा.

चहाबाज

आठ मिनिटं! माझ्या स्वप्नांवर एवढं थंड पाणी आजवर कोणी ओतलं नव्हतं.

पिवळी_पाटी

आपली गाडी टूरिस्ट परमिटची, सीएनजी, कळंबोलीहून चालवतो. एसी बंद म्हणजे धंदा बंद, साधा हिशेब आहे. गिऱ्हाईक बसल्या बसल्या विचारतं, एसी चालू आहे ना? नाही म्हटलं की उतरतं आणि वर एक स्टार देऊन जातं.

एक माझ्या अनुभवातलं सांगतो. उभं राहिलं की गरम आणि पळायला लागलं की गार असं असेल तर पुढची जाळी बघा. रेडिएटरच्या पुढे कंडेन्सर असतो, त्यात किडे, माती, पिशव्यांचे तुकडे अडकतात. गाडी पळते तेव्हा वाऱ्याने भागून जातं, थांबली की पंखा एकटा पडतो. पंखाही बघा फिरतो का. माझ्या पंख्याची मोटर गेली होती आणि मी दोनदा गॅस भरून घेतला, गाढवासारखा. साध्या नळाच्या पाइपने धुवा. जोराचं प्रेशर मारू नका, जाळीच्या पात्या वाकतात.

घोडबंदरची_धूळ

@पिवळी_पाटी, धन्यवाद दादा. पण माझ्या गाडीत एकदा गरम झाला की घणसोलीचा रस्ता मोकळा असला, ऐंशीने पळवली, तरी परत गार होत नाही. ऑफिसात तीन-चार तास सावलीत उभी राहिली की मग आपोआप बरा. बाहेर उन्हात उभी राहिली तर नाही.

तेलकट_हात

वागळे इस्टेटला माझं छोटं वर्कशॉप आहे. जाहिरात करत नाही, त्यामुळे नाव विचारू नका, व्यनिही (व्यक्तिगत निरोप) करू नका.

धूळसाहेब, तुमच्या शेवटच्या चार ओळी पहिल्याच पोस्टमध्ये असत्या तर बरं झालं असतं. आधी एक मूळ गोष्ट. गॅस हा पेट्रोलसारखा ‘संपत’ नाही. ती बंद नळी आहे. कॉम्प्रेसर दाबतो, कंडेन्सरमध्ये गॅसचा द्रव होतो, एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून सुटताना तो गार होतो, कूलिंग कॉइलमध्ये आतली उष्णता घेऊन परत कॉम्प्रेसरकडे. तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. रबरी पाइपातून, शाफ्टच्या सीलमधून थोडाथोडा झिरपतो हे खरं, पण त्याला काही वर्षं लागतात. दहा महिन्यांत दोनदा संपत असेल तर भोक आहे. आणि भोक असेल तर आधी ते शोधायचं, मग भरायचं. नायट्रोजन भरून साबणाचं पाणी लावा, नाहीतर डाय (दिव्याखाली चमकणारा रंग) टाकून निळसर दिव्याखाली बघा. जिथून गॅस सुटतो तिथे तेलही सुटतं, तिथे धूळ चिकटून काळा डाग पडतो. पाइपाला हात लावून ‘गॅस गेला’ सांगणं म्हणजे कपाळाला हात लावून अपेंडिक्स सांगणं.

पण तुमची लक्षणं मला गळतीची वाटत नाहीत. गॅस कमी असता तर सकाळीही एसी मेलेला असता. तुमचा सकाळी कडक गार, तापल्यावर बंद, निवल्यावर पुन्हा चालू. आणि गॅस भरल्यावर एक दिवस चालला तो गॅसमुळे नाही. गाडी दोन तास बोनेट उघडं टाकून उभी होती म्हणून निवली, म्हणून चालला.

एक काम करा. पुढच्या वेळी गरम हवा सुरू झाली की गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या. इंजिन चालू, एसी चालू, हँडब्रेक ओढलेला. बोनेट उघडून लांबूनच कॉम्प्रेसरच्या तोंडाकडे बघा. बाहेरची पुली पट्ट्याबरोबर कायम फिरते. मधली चकती तिच्याबरोबर फिरते का ते बघायचं. हात, ओढणी, टाय, मोबाइल काहीही आत घालायचं नाही. चकती उभी असेल तर प्रकरण १८ हजारांचं नाही.

शंकासुर

गॅरेजवाला म्हणतोय प्रकरण १८ हजारांचं नाही? स्क्रीनशॉट काढून ठेवतोय.

निवृत्त_पद्मिनी

तेलकट_हात यांचं लिहिणं आवडलं. मी वर फार तावातावाने लिहिलं. १९९९ साली माझ्याही गाडीला एसी आला आणि त्यानंतर काच खाली केल्याचं फारसं आठवत नाही. मुंबईच्या वेशीवरच्या टोलनाक्यावर करायचो, तोही ऑक्टोबर २०२४ ला लहान गाड्यांना माफ झाला. त्रिकोणी काचेची मात्र आठवण येते, एवढंच.

गॅसबद्दल एक. पूर्वी आर-१२ असायचा ना? तो चांगला गार करायचा असं आमचा मिस्त्री म्हणायचा.

बर्फाचा_गोळा

हो काका. तो ओझोनच्या थराला भोकं पाडायचा म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर हळूहळू गेला. मग आर-१३४ए आला, तो ओझोनला त्रास देत नाही, पण हवेत सुटला की कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त तापवतो. म्हणजे गळकी नळी न शोधता दरवर्षी गॅस भरणं हे खिशालाही वाईट आणि पुढच्या उन्हाळ्यालाही. आता तोही जगभर कमी करत आणायचा असं २०१६ ला किगालीत ठरलंय.

अवांतर: पहिला गाडीतला एसी १९४० च्या सुमाराला अमेरिकेत पॅकार्डने विकला. तो बंद करायला बटणच नव्हतं. इंजिन बंद करायचं, बोनेट उघडायचं आणि कॉम्प्रेसरचा पट्टा हाताने काढायचा.

चहाबाज

धूळरावांचं उलटं आहे. त्यांचा आपोआप बंद होतो. पॅकार्डवाल्यांनी यांना सल्लागार नेमायला हवं होतं.

तेलकट_हात

हसा, पण गोळासाहेबांनी मुद्द्याचं सांगितलं. तो पट्टा काढायची कटकट नको म्हणून तर पुढे क्लच आला. पुलीच्या आत विजेच्या तारेचं वेटोळं असतं. एसीचं बटण दाबलं की त्याचं चुंबक होतं, ते मधल्या चकतीला खेचून पुलीला चिकटवतं. टक् असा आवाज येतो तो त्याचाच. मला संशय तिथलाच आहे. जास्त आता बोलत नाही, आधी चकती बघून या.

एक धोक्याची गोष्ट सगळ्यांसाठी. गॅस कुठला भरतायत ते डोळ्यांनी बघा. स्वस्तात म्हणून काही ठिकाणी स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा पेटणारा गॅस मारतात. गार करतो, नाही असं नाही. पण तुमची कॉइल डॅशबोर्डच्या आत, तुमच्या गुडघ्यांच्या पुढ्यात असते. तिथे गळला तर काय होईल ते मी सांगायला नको.

सुगरण_नेरूळ

अगंबाई. मी तर ‘गॅस भरून द्या’ म्हणून किल्ली देऊन बाजारात जाते.

तोवर धूळ भाऊजींसाठी माझ्याकडून: गाडी उन्हातून काढताना लगेच बसू नका. एका बाजूची मागची काच खाली करा आणि विरुद्ध बाजूचं दार चार-पाच वेळा पंख्यासारखं उघडबंद करा. तापलेली हवा बाहेर जाते. हसू येतं लोकांना, येऊ दे. सोबत कोकमाचं सरबत, मीठ-जिरं घालून. गावदेवीला ताडगोळे आलेत का हो? वाशीत अजून महाग आहेत.

पिवळी_पाटी

ताई, घोडबंदरला गायमुखच्या अलीकडे टोपल्या घेऊन बसतात. सकाळी लवकर घ्या, दुपारी उन्हाने निबर लागतात. त्याच घाटात सीएनजीवर एसी लावून चढवली की गाडी दम टाकते, म्हणून मी चढाला एसी बंद करतो आणि गिऱ्हाइकाला ताडगोळे दाखवतो. कोणाच्या लक्षात येत नाही.

शंकासुर

ताडगोळे बाजूला ठेवा. काचांना काळी फिल्म लावा, निम्मा प्रश्न सुटेल.

टेकडीवरची

आणि उरलेला निम्मा वाहतूक पोलीस सोडवतील. काळ्या फिल्मवर सुप्रीम कोर्टाने २०१२ ला बंदी घातली आहे. नियमाने पुढच्या-मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे.

शंकासुर

केरळ हायकोर्टाने २०२४ ला सांगितलं की त्या टक्केवारीत बसणारी फिल्म चालते.

टेकडीवरची

त्या टक्केवारीत बसणारी. काळी नव्हे. आणि तो निकाल तीन हात नाक्यावर भर दुपारी पोलिसाला वाचून दाखवायचा असेल तर एसी चालू हवा. :)

संपादक मंडळ

फिल्मवर वेगळा धागा आहे. कृपया तिकडे.

लोकलवाला

मी अजूनही म्हणतो, घणसोली.

घोडबंदरची_धूळ

आज बघितलं!! विटाव्याला गरम हवा सुरू झाली. तिथे थांबायला जागा कुठली, दिघ्याच्या पुढे एका पंपाबाहेर सावली बघून उभा राहिलो. बोनेट उघडलं. बाहेरची पुली गरगर फिरतेय आणि मधली चकती ढिम्म उभी. पुढचा पंखा व्यवस्थित फिरत होता. दहा मिनिटं बघत बसलो. पंपावरचे दोन जण येऊन तेही बघत उभे राहिले. एक म्हणाला, “गॅस गेलाय.”

चहाबाज

महाराष्ट्राचं राष्ट्रीय निदान.

तेलकट_हात

छान. आता दोन शक्यता. एक, क्लचपर्यंत वीजच जात नाही. मग रिले, फ्यूज, प्रेशर स्विच, सेन्सर, किंवा उंदराने कुरतडलेली वायर. दोन, वीज जाते पण चुंबकाला चकती ओढवत नाही. चकती आणि पुली यांच्यात जी फट असते ती साधारण अर्ध्या मिलिमीटरची. लाखभर किलोमीटरमध्ये हजारो वेळा चिकटून-सुटून ती झिजते आणि फट वाढते. तार गार असताना चुंबक जोरकस असतं, कसंबसं खेचतं. तापली की तारेचा विरोध वाढतो, करंट कमी होतो, चुंबक लुळं पडतं. मग चकती हात सोडते.

फक्त एसीचं काम करणाऱ्याकडे जा आणि त्याला गरम अवस्थेत गाडी दाखवा. सकाळी गार गाडी नेऊन दिलीत तर तो म्हणेल सगळं ठीक आहे, आणि ते खरंच असेल. मीटर लावून क्लचच्या प्लगवर व्होल्टेज बघायला सांगा. त्याच्याकडे मीटर नसेल तर चहा पिऊन परत या.

टेकडीवरची

उंदरावरून आठवलं. आमच्या सोसायटीत बोनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवायची पद्धत आहे. उंदीर गेले का माहीत नाही, आमचा वॉचमन मात्र रोज बोनेटजवळ घुटमळतो.

निवृत्त_पद्मिनी

धूळ, आईला नौपाड्यात कुठे नेता? मी गोखले रोडच्या मागेच राहतो. दुपारची वेळ असेल आणि गाडी नसेल तर मला कळवा, माझी गाडी बऱ्याचदा उभीच असते. एसी चालू आहे. :)

घोडबंदरची_धूळ

काका, व्यनि केला आहे. खरंच धन्यवाद.

(पाच दिवसांनी)

घोडबंदरची_धूळ

मंडळी, अहवाल.

ऑफिसातल्या एकाने कोपरखैरण्याचा फक्त एसीचं काम करणारा माणूस सुचवला. शनिवारी दुपारी दोनला मुद्दाम तापवून गाडी नेली. त्याने काही न बोलता गेज लावले, बोनेट खाली टेकवलं आणि उन्हात एसी चालू ठेवून आम्ही दोघं लिंबू सरबत पीत बसलो. अर्ध्या तासाने चकती थांबली. मीटर लावला, तेरा व्होल्टच्या वर येत होते. वीज पुरेशी, चकती तरी उभी. मग त्याने एक लांब लाकडी दांडा घेऊन चकतीला हलकंच टेकवला. टक्! चिकटली, फिरायला लागली, आत गार हवा. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

इंजिन बंद करून फिलर गेजने फट मोजली. ०.९ मिमी. चकती काढली, आतली वॉशरसारखी एक पातळ शिम कमी केली, परत बसवली. आता ०.५.

पण गंमत पुढे आहे. मी म्हटलं, गॅस पण तपासा. मशीन लावून सगळा गॅस काढून वजन केलं. बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलंय ४२० ग्रॅम. निघाला ५९०! दोन्ही पठ्ठ्यांनी आहे त्यातच वरून ओतला होता. तो म्हणाला, इतका गॅस असला की दाब वाढतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो, क्लचला आणखी जोर लागतो. म्हणजे मी पैसे देऊन आजार वाढवत होतो. डाय टाकून दिव्याखाली बघितलं, गळती कुठेच नाही. कूलिंग कॉइल ठणठणीत. व्हॅक्यूम करून मोजून ४२० भरला.

बिल: क्लचचं काम ९००, गॅसचं १८००. सत्तावीसशे. तो ४१ हजारांचा कागद मी फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवला आहे.

सोमवारी विटाव्याला बावीस मिनिटं अडकलो. गार. मंगळवारी पंचवीस. गार. काल आई मागून म्हणाली, “अरे कमी कर ते, गुडघे धरतात.”

तेलकट_हात

झकास. शिम काढून वर्ष-दोन वर्षं जातील, मग क्लच प्लेट बदलावी लागेल, तेव्हा दचकू नका. आणि बाकीच्यांनी तो दांड्याचा प्रयोग घरी करू नये. पट्ट्यात दांडा गेला तर दाताच्या डॉक्टरकडे जावं लागतं, माझ्याकडे नाही.

पिवळी_पाटी

त्या कोपरखैरणेवाल्याचा नंबर व्यनि करा भाऊ. इथे टाकू नका, गर्दी होईल आणि तोही पाइपाला हात लावून सांगायला लागेल.

शंकासुर

५९० ग्रॅम हे त्याच्याच मशीनने सांगितलं ना? आणि गॅसचे पैसेही त्यानेच घेतले. मी फक्त विचारतोय.

बर्फाचा_गोळा

शंका रास्त आहे. पण विटाव्याला पंचवीस मिनिटं गार राहिला, ही तपासणी त्याच्या मशीनची नाही.

चहाबाज

आता विटाव्याचा पूल कोण दुरुस्त करणार यावर धागा काढू या का?

लोकलवाला

घणसोली.

सुगरण_नेरूळ

धाग्यात मध्येच शिरते. माझ्या गाडीत ड्रायव्हरकडे गरम आणि शेजारी गार हवा येते. हे नेहमी गाडी चालवत असतात, म्हणून मला आजवर कळलंच नव्हतं. काल मी चालवली तेव्हा समजलं. हे चार महिने काही बोलले नाहीत. गॅस भरायचा का?

तेलकट_हात

ताई, नाही. किल्ली देऊन बाजारात जाऊ नका. आधी सांगा, पंखा एकवर ठेवला तरी तसंच होतं का?